पटाया कॉन्डोच्या नावाने १९ लाख १ हजार गेले, रुपयात पैसे मागितले तर तिथूनच उठा

थायलंडच्या पटायाला कॉन्डो (म्हणजे इमारतीतला फ्लॅट) घ्यायचा विचार चालू असेल किंवा कुणी बुकिंग करून बसला असेल तर हे पूर्ण वाचा. माझे १९,०१,००० रुपये गेलेत. बुकिंगचे २,००,०००, मग ३० टक्के पूर्ण करायला १३,५१,०००, आणि वर फर्निचर पॅकेज म्हणून ३,५०,०००. पटायाला लागून असलेल्या जोमतिएनमधला २८ स्क्वेअर मीटरचा स्टुडिओ, किंमत २२ लाख बाथ (थायलंडचं चलन), विकणाऱ्यांनी एका बाथला २.३५ रुपयांचा रेट लावून ५१,७०,००० रुपये सांगितली. आज माझ्या नावावर तिकडे एक वीटसुद्धा नाहीये.

आधी एक सांगतो, कारण घरचे आणि ऑफिसातले सगळे विचारतात, "चौकशी नाही का केली?" केली. मी परचेसमध्ये काम करतो, माझं पोटच कागद तपासण्यावर चालतं. ठाण्याच्या हॉटेलातल्या त्या प्रॉपर्टी एक्स्पोत जे जे सांगितलं ते मी घरी येऊन तपासलं आणि ते सगळं खरं निघालं. २०१९ ला थायलंडला ३ कोटी ९८ लाख परदेशी पर्यटक आले, त्यात जवळपास १ कोटी १० लाख एकट्या चीनचे, खरं. सप्टेंबर २०२३ पासून चिन्यांना आणि १० नोव्हेंबर २०२३ पासून आपल्याला व्हिसा माफ झाला, खरं. पटायाजवळच्या यू-तापाव एअरपोर्टला जोडणाऱ्या हायस्पीड रेल्वेचा करार २०१९ ला झाला, तोही खरा, फक्त रेल्वे अजून नाही हे त्या स्लाइडवर नव्हतं. परदेशी माणसाला थायलंडमध्ये जमीन घेता येत नाही पण कॉन्डो स्वतःच्या नावावर घेता येतो, हेही खरं. आम्ही पटाया बघून आलेलो, बीच रोडला गुजराती थाळी मिळते, चिनी ग्रुपच्या बसमागून बस लागतात, हे डोळ्यांनी बघितलेलं. मग ७ टक्के भाडं पाच वर्षं गॅरंटीड, म्हणजे वर्षाला १,५४,००० बाथ, हे अशक्य का वाटावं मला?

आणि विकणारा पोरगा आपला, मराठी बोलणारा. पहिल्या दिवशी सर, दुसऱ्या दिवसापासून काका. काकूंना आवडेल असा सी व्ह्यू बघून ठेवलाय काका. आमच्या हिचा फोनसुद्धा तो उचलायचा, रविवारी पण.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप लागत नाही. मी बँकेतून एलआरएसखाली (परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) डॉलरमध्ये थेट बिल्डरला पैसे पाठवणार होतो, फॉर्मसुद्धा आणलेला. तर हा म्हणाला काका, ऑक्टोबर २०२३ पासून टीसीएस (पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो टॅक्स) २० टक्के झालाय, सात लाखांच्या वर (तेव्हाची मर्यादा), तुमचे ८,९४,००० अडकतील, त्यापेक्षा आमच्या मुंबईच्या कंपनीत रुपयात आरटीजीएस करा, आम्ही बल्कमध्ये तिकडे पाठवतो. हिशोब मी केला, आकडा बरोबर आला. पण टीसीएस म्हणजे जाणारा पैसा नाही, रिटर्न भरताना टॅक्समध्ये वळता होतो नाहीतर परत मिळतो, हे त्याला पक्कं माहीत होतं आणि त्याने ते मुद्दाम गाळलं. मग पावती आली. पावतीवर १३,५१,००० एकूण, आणि फोड काय तर ११,४४,९१५ रुपये मार्केटिंग अँड कन्सल्टन्सी सर्व्हिसेस अधिक जीएसटी २,०६,०८५. फ्लॅटच्या पैशाच्या पावतीवर कन्सल्टन्सी! तिकडच्या घराच्या हप्त्यावर इथला १८ टक्के जीएसटी कसा लागेल? रोज असली बिलं पास करणारा माणूस मी, मी लगेच फोन केला, तो म्हणाला काका अकाउंटचं फॉरमॅट आहे, सीए बघतोय, ॲग्रीमेंटमध्ये बरोबर येईल. ॲग्रीमेंट आलं, वर बिल्डरचा लोगो, खाली सही मुंबईच्या कंपनीची. फर्निचरचे साडेतीन लाख मी त्या पावतीनंतर भरलेत. समोरचा रोज गोड बोलत असतो तेव्हा माणूस किती वेळा संशय घेणार?

भाडं सुरू व्हायची तारीख गेली आणि फोन उचलायचे बंद झाले तेव्हा पटायातला एक वकील केला, त्याचे १५,००० बाथ वेगळे. त्याने तिथल्या बांग लामुंगच्या लँड ऑफिसात (मालमत्तेची नोंदणी होते तिथे) आणि बिल्डरकडे विचारलं. बिल्डरकडे माझ्या नावाने फक्त ५०,००० बाथ पोचलेले, म्हणजे साधारण १,१७,५०० रुपये, नुसतं रिझर्व्हेशन, आणि करार मुदतीत झाला नाही म्हणून तेही जप्त. बाकी सगळं मुंबईत जिरलं. वर आणखी एक. तिथल्या कायद्याने इमारतीच्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्केच परदेशी लोकांच्या मालकीचं असू शकतं आणि या इमारतीचा तो कोटा आधीच भरलेला. मला फार तर ३० वर्षांची लीज मिळाली असती. ३०+३०+३० सांगतात ना, नोंदणी फक्त पहिल्या ३० ची होते, पुढचं नुसतं आश्वासन. आणि कोटा शिल्लक असता तरी उपयोग नव्हता, कारण परदेशी माणसाच्या नावावर करायला पैसे बाहेरून परकीय चलनात थायलंडच्या बँकेत आल्याचा कागद लागतो. रुपयात मुंबईत भरलेल्या पैशाचा तो कागद जन्मात मिळणार नाही. म्हणजे टीसीएस वाचवा म्हणून जो रस्ता दाखवला त्यानेच मालकीचा रस्ता बंद होतो, आणि विकणाऱ्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं!

रोजच्या भाड्याचंही ऐका. टुरिस्टला दिवसावर देऊ म्हणतात, पण महिन्यापेक्षा कमी मुदतीने द्यायला तिकडे २००४ च्या हॉटेल कायद्याचं लायसन्स लागतं. साध्या कॉन्डोला ते नसतं. मग गॅरंटीचं भाडं येणार कुठून? तुमच्याच किमतीत आधी चढवून ठेवलेलं असतं.

आता पोलिसांचं. पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणे प्रॉपर्टी थायलंडची, तिकडे तक्रार करा. अहो पैसे ठाण्याच्या बँकेतून गेले, खातं मुंबईचं, पावती मुंबईची, पोरगा इथलाच, थायलंडचा संबंध काय? तर म्हणे सिव्हिल मॅटर आहे, ॲग्रीमेंटवर तुमची सही आहे. झीरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायचा) म्हटलं तर तोंड असं केलं की मीच गुन्हा केलाय. अर्ज घेतला, पोच द्यायला दुपारपर्यंत बसवलं. आर्थिक गुन्ह्यांवाल्यांनी सांगितलं अजून पीडित आणा, रक्कम मोठी झाली की बघू. पीडित मी शोधू? माझ्याकडे त्या कंपनीची ग्राहकांची यादी आहे का? तुम्ही एक पत्र पाठवलं तर बँक खात्याचा उतारा देते, त्यात सगळे पीडित नावानिशी दिसतील! सायबरच्या हेल्पलाइनने ऑनलाइन फ्रॉड नाही म्हणून फोन ठेवला. रेरा राज्यातल्या प्रकल्पांपुरता, तो कायदाच तसा आहे. पण मग परदेशी फ्लॅट इथल्या हॉटेलांत उघड बॅनर लावून विकतात, त्यांच्यावर लक्ष कोणाचं? एकानेही उत्तर दिलं नाही. माणूस आयुष्यभर टॅक्स भरतो आणि गरज पडली की याच्या टेबलावरून त्याच्या टेबलावर फिरतो.

सध्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच, आणि मुदत दोन वर्षं, म्हणून पोलिसांच्या चकरांत वेळ घालवू नका, दोन्ही एकदम चालू करा.

ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी पैसे फक्त स्वतःच्या खात्यातून, परकीय चलनात, थेट बिल्डरच्या थायलंडमधल्या खात्यात पाठवा. टीसीएस कापू दे. परदेशी कोट्यात जागा आहे का ते बुकिंगच्या आधी लेखी घ्या, वकील तिकडचा आणि तुम्ही स्वतः शोधलेला, एजंटने दिलेला नको. आणि ज्यांच्या हातात कन्सल्टन्सी लिहिलेली पावती आहे त्यांनी पुढचा हप्ता आजच थांबवा, बिल्डरला स्वतः ईमेल करून आपल्या नावाने किती बाथ जमा आहेत ते लेखी मागवा, आणि पोराला आधी फोन करू नका, तो चॅट डिलीट करतो, माझे केलेत.