नॉर्थ कोस्ट ५०० साठी एमजीबी रोडस्टर: गाडीचं परीक्षण

इन्व्हर्नेसच्या किल्ल्यापासून निघून स्कॉटलंडचा उत्तर किनारा धरून पुन्हा तिथेच येणारा ५१६ मैलांचा रस्ता २०१५ पासून नॉर्थ कोस्ट ५०० या नावाने ओळखला जातो. उन्हाळ्यात इथे जुन्या स्पोर्ट्स कारचे ताफे निघतात आणि त्यांत एमजीबी ही ब्रिटिश गाडी हटकून असते. या सफरीसाठी जुनी गाडी विकत घ्यायची असो वा भाड्याने, आमची पसंती ठरलेली आहे: १९६७ च्या अखेरीपासून १९७४ पर्यंतची, क्रोम बंपरची, ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारी गिअरबॉक्सची जोड) असलेली एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची एमजीबी.

ही पसंती वेगासाठी नाही. १७९८ सीसीचं इंजिन नवं असताना ९५ हॉर्सपॉवर द्यायचं. आजची साधी हॅचबॅकही तिला मागे टाकते. पण १९८० पर्यंत ॲबिंग्डनच्या कारखान्यातून अशा पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या, त्यामुळे वॉशरपासून अख्ख्या बॉडीपर्यंत जवळजवळ सगळं आजही नवं मिळतं. आणि जे बिघडतं, त्यातलं बहुतेक रस्त्याच्या कडेला दुरुस्त होतं.

साल महत्त्वाचं आहे. १९६७ च्या अखेरीआधीच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर आवाज न करता पडावा म्हणून असलेली रचना) नाही. एका गाडीपुरत्या अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की गती अगदी कमी करून परत पहिला टाकावा लागतो, आणि तिथे दर वेळी करकर ऐकून घ्यावी लागते. १९६७ च्या मार्क टू या सुधारित आवृत्तीमध्ये चारही गिअरना सिंक्रो आला आणि डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला, म्हणजे पावसात वायपर, दिवे आणि हीटर एकदम लावले तरी बॅटरी बसत नाही. १९७४ च्या अखेरीस अमेरिकन नियमांमुळे काळे रबरी बंपर आले आणि गाडी दीड इंच उचलली गेली. वळणावर ती तेवढीच जास्त कलते. स्वस्त मिळते म्हणून मोह होतो, पण या रस्त्याला ती नको.

ओव्हरड्राइव्ह नसलेली गाडी तर नकोच. लंडनहून इन्व्हर्नेसला पोचायलाच साडेपाचशे मैलांच्या वर अंतर आहे, म्हणजे मूळ सफरीपेक्षा जास्त, आणि तेही बरंचसं मोटरवेवर. चौथ्या गिअरमध्ये ताशी ७० मैलांना इंजिन सुमारे ३९०० आरपीएमवर ओरडत असतं. ओव्हरड्राइव्ह लागला की ३२०० च्या आसपास येतं. कान, पेट्रोल आणि इंजिन तिन्ही वाचतात. तो लागेनासा झाला तर गिअरबॉक्स उघडायच्या गोष्टी करू नका. आधी गिअरबॉक्समधलं ऑइल पाहा (तेच २०डब्ल्यू-५०, जे इंजिनात घालतो), मग सोलेनॉइडकडे (ओव्हरड्राइव्ह लावणाऱ्या विद्युतचुंबकाकडे) जाणारी वायर आणि गिअरबॉक्सवरचा स्विच तपासा. दोष बहुतेक वेळा तिथेच निघतो. मात्र ओव्हरड्राइव्ह लागलेलाच अडकला असेल तर गाडी रिव्हर्स घेऊ नका, आतला एकदिशा क्लच तुटतो.

या गाड्या वाटेत बंद पडतात त्या मुख्यतः करंटमुळे, आणि त्यात पहिला गुन्हेगार रोटर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरत एकेका प्लगला करंट पोचवणारा तुकडा. नव्या बनावटीच्या हलक्या रोटरमध्ये पितळी पट्टी धरणारं रिव्हेट खोल जातं आणि प्लास्टिक कमअस्सल असतं. तापल्यावर करंट त्यातून थेट शाफ्टला उतरतो. गार असताना गाडी झकास चालते, तापली की मिसिंग मारून बंद, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू. आणि लोक बिचारे कार्ब्युरेटर उघडत बसतात. परीक्षा सोपी आहे: डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, कॉइलकडून येणारी जाड वायर इन्सुलेटेड पकडीने रोटरच्या मधल्या पितळेपासून तीनेक मिलिमीटरवर धरा आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ठिणगी रोटरवर उडाली तर रोटर गेला. रिव्हेट नसलेला लाल रोटर बसवा आणि तसाच एक जादा ठेवा. कंडेन्सरही जादा हवा. पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्काचा) गॅप ०.०१५ इंच, प्लगचा ०.०२५.

पेट्रोलचा पंप इलेक्ट्रिक, एसयू कंपनीचा, मागच्या बाजूला. चावी फिरवली की टकटक ऐकू येते आणि कार्ब्युरेटर भरले की थांबते. आवाजच नसेल तर त्याचे पॉइंट चिकटलेत. पान्याच्या दांड्याने हलकेच ठोका, बहुधा सुरू होतो. टकटक थांबतच नसेल तर पंप कुठून तरी हवा ओढतोय, कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई गळतेय किंवा टाकी रिकामी आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० आहे, म्हणजे त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबरी नळ्या खातं. नळ्या आर९ (इथेनॉल सोसणाऱ्या) दर्जाच्या घाला आणि शक्यतो सुपर, म्हणजे ई५ भरा. एखादी टाकी ई१० ची गेली म्हणून काही बिघडत नाही, फक्त ते महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नका. महाराष्ट्रात जुनी गाडी सांभाळणाऱ्यांना ई२० मुळे हाच प्रश्न जास्त तीव्रतेने भेडसावतो आणि उपायाची सुरुवात नळ्यांपासूनच होते. १२ गॅलनच्या टाकीत तीनेकशे मैल जातात, पण काट्यावर भिस्त नको. अर्ध्यावर आली की भरा.

खरी कसोटी ॲपलक्रॉसच्या ‘बेअलाख ना बा’ नावाच्या घाटात. समुद्रसपाटीपासून ६२६ मीटर, काही ठिकाणी एकास पाच चढ, आणि रस्ता एका गाडीपुरता. समोर कॅम्परव्हॅन अडली की एमजीबी पहिल्या गिअरमध्ये तापत राहते. तापमानाचा काटा चढायला लागला तर हीटर पूर्ण उघडा, पाण्याची उष्णता तिथून बाहेर पडते. माथ्यावर पोचल्यावर लगेच बंद करू नका: कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या थेट वर बसलेले आहेत, पंखा थांबला की आतलं पेट्रोल उकळतं आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला रुसते. दोन मिनिटं आयडलवर राहू द्या. उतरताना दुसरा गिअर, ओव्हरड्राइव्ह बंद. पुढे डिस्क असले तरी ब्रेक सतत दाबून ठेवले की पाय खोल जायला लागतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर निघण्याआधी बदला.

ताफा मोठा असला तरी चालताना दोन-तीन गाड्यांचे गट करा. पासिंग प्लेसमध्ये, म्हणजे समोरच्याला वाट देण्यासाठी रस्ता रुंद केलेल्या जागेत, दोन, फार तर तीन गाड्या मावतात. आठ गाड्यांची रांग समोरच्याला मैलभर मागे ढकलते. जागा डावीकडे असेल तर आत शिरा, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबा. फोटोसाठी तिथे गाडी लावू नका, स्थानिकांना या पर्यटकांचा खरा वैताग त्याचाच आहे.

आराम बेताचा. टप लावल्यावरही काचेच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी गुडघ्यावर टपकतं. डिकीत स्टेपनी आडवी असल्याने कडक सूटकेस मावत नाही, मऊ बॅगा घ्या. पाने इंची लागतात: ७/१६, १/२ आणि ९/१६. फ्यूज मात्र जपून बदला. लुकास कंपनीचा मूळ ३५ अँपिअरचा फ्यूज ३५ ला उडतो, सतत सोसतो १७. त्या जागी आजचा ३५ चा घातला तर फ्यूजआधी वायर जळते.

आऱ्यांची चाकं असतील तर पहिल्या पन्नास मैलांनंतर मधला नट तांब्याच्या हातोड्याने पुन्हा ठोका. नटाचा वरचा कान गाडीच्या मागच्या दिशेला ठोकला की आवळतो, पुढच्या दिशेला ठोकला की सुटतो. दोन्ही बाजूंना हाच नियम.