भाचीने गोल्फमध्ये प्रो (व्यावसायिक खेळाडू) व्हावं की हौशीच राहावं?

बारावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी बेळगावात, टिळकवाडीत आक्काच्या घरी कुंदा वाटला आणि पाठोपाठ प्रश्न आला, "पोरगी प्रो होते म्हणते. तुला काय वाटतं?" भाची गच्चीवर सतरंजी अंथरून, पेला आडवा ठेवून पटिंग, म्हणजे चेंडू हलकेच लोटून होलमध्ये घालायचा सराव, करत होती. खेळताना डाव्या हातात ग्लोव्ह असतो, म्हणून तो हात मनगटापर्यंत गोरा आणि उजवा पार रापलेला. एवढ्या उन्हाचं चीज व्हावं असं मलाही मनापासून वाटतं. म्हणूनच दोन्ही वाटा नीट तोलून बघितल्या.

आधी पैसा. हौशी खेळाडूला रोख बक्षीस घेता येतं, पण हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत) न धरता खेळलेल्या स्पर्धेत आणि फार तर 1000 डॉलरपर्यंत. न्यूझीलंडची लिडिया को 2012 मध्ये, पंधराव्या वर्षी, महिलांची कॅनेडियन ओपन जिंकली. ती हौशी असल्यामुळे पहिल्या क्रमांकाचे 3 लाख डॉलर दुसऱ्या आलेल्या इन्बी पार्कला मिळाले. हे ऐकून आक्का म्हणाली, "मग प्रोच बरं की!"

पण प्रोचा खर्च पहिल्या दिवसापासून सुरू होतो, कमाई मात्र कट, म्हणजे स्पर्धेच्या मध्यावरची गाळणी, पार केल्यावर. मोठ्या स्पर्धांत साधारण 36 होलनंतर, म्हणजे दोन फेऱ्यांनंतर, कट लागतो. त्यात गळलात की बहुतेक ठिकाणी हातात काही पडत नाही आणि प्रवेश फी, कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस), हॉटेल, गाडीभाडं सगळं अंगावर येतं. बेळगावहून बेंगळूर 500 किलोमीटर, तिथून पुढे स्पर्धा कुठे असेल तिथे. असे चार-पाच कट सलग चुकले की घरात पैशाचा विषय निघतो आणि पोरीचा पट थरथरायला लागतो. मला खरी भीती याचीच आहे.

हौशी राहिली तर अमेरिकेतल्या विद्यापीठांची गोल्फ शिष्यवृत्ती मिळण्याची वाट उघडी राहते. प्रो झाली की कॉलेजच्या संघातून खेळता येत नाही. 2022 पासून हौशींना जाहिराती आणि प्रायोजकही घेता येतात, त्यामुळे 'हौशी म्हणजे सगळं बापाच्या खिशातून' हे आता तेवढं खरं राहिलेलं नाही. इंडियन गोल्फ युनियनच्या स्पर्धा आहेतच. शिवाय देशातल्या महिला प्रो टूरवर (व्यावसायिकांच्या स्पर्धांच्या मालिकेत) हौशी मुलीही उतरतात. आपल्याच देशातल्या अवनी प्रशांतने तर हौशी असतानाच तिथल्या स्पर्धा जिंकल्या.

प्रोच्या बाजूची एक गोष्ट आमच्यासारख्या गावात मोलाची आहे: फी घेऊन शिकवता येतं. हौशीने शिकवण्याचे पैसे घेतले की तिचा हौशी दर्जा जातो. तो अर्ज करून परत मिळवता येतो, पण मध्ये थांबावं लागतं.

घाईचं म्हणाल तर भारताची अदिती अशोक सतराव्या वर्षी, 1 जानेवारी 2016 ला प्रो झाली. पण त्याआधी ती लेडीज युरोपियन टूरची पात्रता फेरी जिंकून बसली होती. त्याच वर्षी तिने महिलांची इंडियन ओपनही घेतली. उलट अमेरिकेची जोअॅन कार्नर तिशीपर्यंत हौशी राहिली, पाच वेळा यूएस विमेन्स अॅमॅच्युअर जिंकली आणि नंतर प्रो म्हणून चाळीसहून जास्त स्पर्धा जिंकल्या. वय कमी-जास्त चालतं, तयारी कमी चालत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. हे वर्ष हौशीच राहायचं, प्रो टूरच्या तीन-चार स्पर्धा खेळायच्या आणि सगळ्यांत कट पार झाला तरच पुढचं बोलायचं. भाचीला हे फारसं रुचलं नाही, पण तिने ऐकून घेतलं.

मग मी आक्काला सांगितलं, टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं, तेव्हा तिची बॅग तिच्या आईने उचलली होती. आक्का जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "भरलेली बॅग किती किलोची असते रे?"