शिरोलीच्या फाउंड्रींशेजारी घरगुती हवामापक

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील फाउंड्रींपासून, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांपासून, आमचे घर हाकेच्या अंतरावर असल्याने गॅलरीच्या कठड्यावरून सकाळी बोट फिरवले की काळसर भुकटी लागते. तिचा छडा लावावा म्हणून गेल्या उन्हाळ्यात हा लेसरवर चालणारा छोटा हवामापक घेतला. आत ओढलेल्या हवेतील कणांवरून विखुरणारा प्रकाश मोजून तो पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांचा, आकडा दाखवतो, आणि देशाच्या मानकातील ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीसाठी आहे, हे ध्यानात ठेवले तरच त्या आकड्याला अर्थ येतो. गंमत अशी, की ज्या भुकटीसाठी खरेदी केली ते जाडसर कण या यंत्राला नीट मोजताच येत नाहीत, आणि सल्फर डायऑक्साइडसारखे वायू तर त्याच्या गावीही नसतात. शिवाय दमट हवेत कण पाणी शोषून फुगत असल्याने पंचगंगेवरून धुके चढलेल्या पहाटे आकडा उगाच वाढतो. तरीही आमच्या गल्लीत रात्रीची आणि दुपारची हवा सारखी नसते, हे रोजच्या नोंदींतूनच उमगले. पंख्याला चिकटलेली धूळ महिन्याला मऊ ब्रशने काढावी लागते. माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेखही नाही.