फोनवाली गूगल जाहिरात: मोटर वायंडिंगच्या दुकानातला आठ महिन्यांचा अनुभव

आमचं यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात मोटर वायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरची तार नव्याने भरून द्यायचं दुकान आहे. विहिरीवरचे पंप, बोरमधल्या सबमर्सिबल, मधूनमधून एखाद्या पिठाच्या गिरणीची मोटर, असं काम येतं. वायंडिंग हे करतात, हाताखाली एक पोरगा आहे. फोन, उधारीची वही आणि जाहिरात माझ्याकडे. ऑक्टोबर 2025 ते मे 2026 असे आठ महिने मी गूगलवर फोनची जाहिरात चालवली. सुरू करण्याआधी मराठीत कोणाचा खरा अनुभव वाचायला मिळतो का म्हणून खूप शोधलं होतं. मिळाला नाही, म्हणून आता मीच लिहिते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोणी मोबाइलवर "मोटर दुरुस्ती" शोधलं की वर आपली जाहिरात दिसते. तिच्यावर बोट ठेवलं की वेबसाइट उघडत नाही, सरळ आपला नंबर डायल करायला समोर येतो. गूगलने हा प्रकार 2015 मध्ये आणला. वेबसाइट नसलेल्या दुकानासाठी ही मोठी सोय आहे. गूगलच्या नकाशावरच्या नोंदीसोबत आम्हाला एक फुकटचं पान मिळालं होतं, पण ती सोय मार्च 2024 मध्ये बंद झाली. तेव्हापासून आमच्याकडे इंटरनेटवर नाव आणि फोटो सोडले तर काही नव्हतं.

खरं सांगायचं तर याआधी एकदा हात पोळले होते. जाहिरात लावून देणाऱ्या एका एजन्सीने तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले आणि खातं स्वतःच्याच नावावर उघडलं. फोन कुठून येतात, कोणत्या शब्दावर पैसे जातात, काहीच दाखवलं नाही. सोडलं तेव्हा हातात कागदाचा तुकडासुद्धा उरला नाही. म्हणून कळकळीने सांगते, काम कोणालाही द्या, पण खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा आणि समोरच्याला फक्त वापरायची परवानगी द्या.

या वेळी खातं मीच उघडलं. दिवसाला 150 रुपये ठरवले. दुसऱ्याच आठवड्यात एका दिवशी 280 कापले गेले तेव्हा मी घाबरले. मग कळलं की गूगल एखाद्या दिवशी ठरवलेल्या रकमेच्या दुप्पट खर्च करू शकतं, पण महिन्याचा हिशेब दिवसाच्या रकमेच्या 30.4 पटीवर जात नाही. वर 18 टक्के जीएसटी. हे आधी माहीत असलं की रात्रीची झोप जात नाही.

सगळ्यात शहाणपणाचं काम मी केलं ते म्हणजे जाहिरातीसाठी वेगळं सिम घेतलं आणि जुन्या बटणांच्या फोनमध्ये टाकलं. तो फोन वाजला म्हणजे जाहिरातीचा. शेजारी शंभर पानी वही. तारीख, गाव, काय बिघाड, काम झालं की नाही. कॉम्प्युटरवरच्या आकड्यांपेक्षा या वहीने मला जास्त शिकवलं.

पहिला महिना वायाच गेला. सोयाबीनची काढणी चालू होती, मोटरची गरज कोणाला? आणि जे फोन आले ते भलतेच. पुण्याहून एकाने वायंडिंग मशीनची किंमत विचारली. एका पोराने आयटीआय झालंय, काम आहे का म्हणून विचारलं. आणि सगळ्यात जास्त फोन सोलरवाले. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत पंपाच्या किमतीच्या दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के रक्कम भरायची असते. पैसे भरून वाट पाहत बसलेले लोक पंप या शब्दाने काहीही शोधत होते आणि आमची जाहिरात त्यांच्यापुढे जात होती. "ताई, माह्या अर्जाचं काय झालं?" असं विचारणाऱ्या माणसाला फोन ठेवा म्हणवत नाही. मी महावितरणकडे विचारायला सांगायची. पण प्रत्येक फोनमागे आमचे पैसे गेलेले असायचे.

यावर उपाय दोन. एक, ठिकाणाच्या सेटिंगमध्ये गूगल आपोआप "त्या भागात असलेले किंवा त्यात रस असलेले" असं धरतं. ते बदलून फक्त तिथे असलेले लोक ठेवायचे. पुणे-मुंबईचे फोन त्याच दिवशी थांबले. दोन, नको असलेल्या शब्दांची यादी: योजना, अर्ज, यादी, नोकरी, मशीन, ड्रायव्हिंग, मोटरसायकल. लोकांनी काय शोधलं ते गूगल दाखवतं, तो अहवाल मी दर रविवारी बघून यादीत भर टाकत गेले. भाषा मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही ठेवल्या, कारण आपल्याकडे माणूस बोलतो मराठी पण त्याचा मोबाइल इंग्रजीत असतो. आणि शेतकरी टाइप करत नाही, माइक दाबून बोलतो. "मोटर भरून देणारा" हा शब्द मी त्या अहवालातूनच उचलला. आम्ही पाटीवर "रिवायंडिंग" लिहून बसलो होतो.

नोव्हेंबरात हरभरा पेरून झाला, गव्हाला पाणी सुरू झालं, आणि फोन वाजू लागला तो थांबेचना. शेतीच्या लाइनची पाळी रात्रीची असली की माणूस नऊ-दहा वाजता विहिरीवर जातो, बटण दाबतो आणि मोटर घेत नाही. अंधारात, थंडीत उभा राहून तो मोबाइल काढतो. आमची जाहिरात तेव्हा संध्याकाळी सातला बंद होत होती. हे लक्षात आल्यावर रब्बीपुरती वेळ रात्री अकरापर्यंत वाढवली आणि फोन उशाशी घेऊन झोपू लागले. रात्री कोणी जाणार नाही हे स्पष्ट सांगायची, पण "उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा" एवढं ऐकलं की माणूस दुसरीकडे फोन करत नाही.

एक फोन तसाच लिहून ठेवलाय.

"भाऊ नाहीत का?"

"आहेत, पण वार्निशचे हात आहेत. तुम्ही मले सांगा. किती एचपीची?"

"पाचची. नुसती गुरगुर करते, पाणीच फेकत नाही."

"पेटीवरचे तिन्ही लाइट लागले का?"

"थांबा, पाहतो... दोनच लागून राहिले जी."

"मग आधी पेटी बंद करा. मोटर काढू नका. एक फेज गेला असन. तसंच चालू ठेवलं तर मोटर जळन. लाइनमनले सांगा, डीपीवर पाहीन तो."

त्या फोनमधून आम्हाला एक रुपया मिळाला नाही. पण आमची माणसंही दहा किलोमीटर जाऊन रिकाम्या हाताने परत आली नाहीत, आणि त्या माणसाची मोटर वाचली. मार्चमध्ये विहिरीचं पाणी खाली गेलं, मोटर कोरडी चालून खरंच जळली, तेव्हा तो मोटर घेऊन स्वतः दुकानात आला आणि "फोनवाली ताई कोणत्या?" म्हणून विचारलं. सुरुवातीला दहातले सात जण "भाऊले द्या" म्हणायचे. आता तेच लोक मला लाइट किती लागतात ते आधीच सांगतात.

माझं ठाम मत झालंय की या जाहिरातीत पैसे टाकण्याआधी फोन कोण उचलणार ते ठरवा. गूगलचा नियमच आहे की फोन उचलल्यावर आधी दुकानाचं नाव सांगायचं. आम्ही आयुष्यभर "हॅलो, कोण?" म्हणत आलो. नाव सांगायला लागल्यावर समोरच्याचा आवाज मोकळा होतो, हे मी रोज अनुभवलं. पैसे बोट ठेवल्यावर कापले जातात, फोन लागला की नाही, कोणी उचलला की नाही, याच्याशी गूगलला घेणं-देणं नाही. न उचललेला प्रत्येक फोन म्हणजे पैसे देऊन गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे पाठवणं.

ओळखीच्या दोघांनाही मी जाहिरात लावून दिली. एकाचं जेसीबीचं काम. तो दिवसभर मशीनवर, आवाजात फोन ऐकू येत नाही, संध्याकाळी बारा मिस्ड कॉल. दीड महिन्यात बंद केली. दुसरं बिछायत केंद्र, लग्नाला मांडव-गाद्या भाड्याने देणारं. त्याचे फोन मी बघितले, सगळे भाव विचारून ठेवणारे. लग्नाची बिछायत लोक सोयऱ्यांना विचारून, दुसऱ्याच्या मांडवात डोळ्यांनी बघून ठरवतात. ज्या कामाला आत्ताच्या आत्ता माणूस लागतो तिथेच ही जाहिरात लागू पडते.

फेब्रुवारीत मोठा घोळ झाला. उन्हाळ्यासाठी नवी जाहिरात करायला गेले तर तो प्रकारच दिसेना. गूगलने फेब्रुवारी 2026 पासून अशा नव्या जाहिराती बनवणं थांबवलं आहे, आणि जुन्या चालू आहेत त्याही फेब्रुवारी 2027 मध्ये दिसायच्या बंद होणार आहेत. आता साधी सर्च जाहिरात करायची आणि तिला फोन नंबर जोडायचा. फरक छोटा वाटतो, पण आमच्यासारख्यांना जड जातो: मोठ्या अक्षरांवर बोट ठेवलं की पान उघडतं, फोन लागतो तो फक्त नंबरच्या बटणावरून. म्हणजे पान हवंच. भाच्याने एक साधं पान करून दिलं. आधी त्यात दुकानाचा इतिहास वर होता आणि नंबर तळाशी. तीन आठवडे फोन निम्म्यावर आले. नंबर सगळ्यात वर, हिरव्या मोठ्या बटणात टाकला, खाली फक्त गावांची नावं आणि "मोटर भरून मिळेल", तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आज कोणी सुरुवात करत असेल तर पान आधी करा, जाहिरात नंतर.

आणखी एक सावधगिरी. नंबर जाहीर झाला की "गूगलमधून बोलतोय, खातं बंद होईल, ओटीपी सांगा" असे फोन येतात. मला चार आले. ओटीपी कोणालाच द्यायचा नाही, आणि पैसे गेलेच तर क्षणभर न थांबता 1930 ला फोन करायचा.

आता हिशेब, वहीतून जसाच्या तसा. आठ महिन्यांत जाहिरातीला 21,400 रुपये, त्यावर जीएसटी 3,852, एकूण 25,252. बोटं पडली साधारण 1,190. प्रत्यक्षात वाजलेले फोन 740. त्यात मोटरचेच फोन 402. काम मिळालं 131 जणांचं. म्हणजे एका कामामागे 193 रुपये. आमच्या धंद्यात हे परवडतं, कारण पाच एचपीची मोटर भरायची मजुरी त्याच्या कितीतरी पट असते. पण ऑक्टोबर आणि फेब्रुवारी हे दोन महिने वेगळे काढले तर ते तोट्यातच आहेत, हेही लिहायला हवं.

मे संपला, पाऊस तोंडावर आला तशी जाहिरात बंद केली. दिवाळीनंतर पुन्हा लावीन, या वेळी दिग्रस आणि नेरच्या बाजूची लांबची गावं वगळून, कारण तिथे जाण्यायेण्यात पोराचा दिवस जातो. बटणांचा फोन मात्र चालूच ठेवलाय. जाहिरात बंद झाल्यापासून त्यावर नऊ फोन आले. वहीत मी एक नवा रकाना आखलाय, "नंबर कोणी दिला". नऊपैकी सहा ठिकाणी एखाद्या शेजारच्या शेतकऱ्याचं नाव लिहिलंय.