पूरपट्ट्यातील घरकर्ज आणि विम्याचा कारभार

दूधगंगेकाठच्या आमच्या घरावर कर्ज देणाऱ्या निपाणीतील बँकेचा व्याजदर रास्त आहे. विम्याचा कारभार मात्र निराशाजनक आहे. ऐन जूनमध्ये पॉलिसीची मुदत संपली तेव्हा शाखेने साधी सूचनाही दिली नाही. मग परस्पर नवी पॉलिसी काढून हप्ता कर्जखात्यात नावे टाकला, आणि तिच्यात विमाराशी केवळ शिल्लक कर्जाएवढी असून घरातील सामानाचा उल्लेखच नव्हता. 2021 पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पुराचे नुकसान धरलेले असते आणि इमारतीसोबत सामानालाही विमाराशीच्या 20 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. 2019 चा महापूर पाहिलेल्या शाखेला हे ठाऊक नसावे, याचे नवल वाटते. लेखी तक्रारीनंतर हप्ता परत जमा झाला, एवढे श्रेय द्यावे लागेल.