रोममध्ये मुक्काम कुठे करावा : त्रास्तेवेरे की मोंती?

दोन्ही भागांत राहून झालं आहे, त्यामुळे कोणी विचारलं की मी त्रास्तेवेरेचं कौतुक आधी करतो. तिबर नदीपलीकडची ही वस्ती म्हणजे कलेची खाण. सान्ता मारिया चर्चमध्ये चित्रकार कावाल्लिनीची तेराव्या शतकातली मोझेक, फार्नेसिना वाड्यात राफाएलचं ‘गालातेआ’ हे भित्तिचित्र, आणि सान्ता चेचिलिया चर्चमध्ये स्तेफानो मादेर्नोचा संगमरवरी पुतळा. १५९९ मध्ये हुतात्मा संत चेचिलियाची शवपेटी उघडली गेली, त्यानंतर लगेच तो घडवला. कुशीवर पडलेली मुलगी, चेहरा जमिनीकडे वळलेला, मानेवर घावाची बारीक रेघ. तिच्यासमोरून पाय निघत नाही.

पण या भागाचं खरं वैभव सकाळी बघायचं. फार्नेसिना दुपारी दोनला बंद. चेचिलियातलं कावाल्लिनीचं भित्तिचित्रही सकाळीच दाखवतात. आणि त्रास्तेवेरेची रात्र ती सकाळच हिरावून घेते. मध्यरात्र उलटली तरी खिडकीखाली गप्पा रंगलेल्या, मग खानावळी आवरताना काचेच्या बाटल्या पिंपात ओतल्या जातात. दगडी गल्लीतून तो खळखळाट थेट वरच्या मजल्यावर चढतो. ज्यांना गाढ झोप लागते त्यांना कदाचित काही वाटणार नाही. माझं मन मात्र तिथेच उडालं.

मोंती म्हणजे प्राचीन रोमची गजबजलेली, गरिबांची सुबुरा ही वस्ती. ज्युलियस सीझर आधी इथेच राहायचा. सम्राट ऑगस्टसच्या फोरममागची, म्हणजे सार्वजनिक चौकामागची, सुमारे ३० मीटर उंच दगडी भिंत आजही उभी आहे. या वस्तीतल्या आगी फोरमपर्यंत पोचू नयेत म्हणून ती बांधलेली. वर सान पिएत्रो इन विंकोली चर्चमध्ये मायकेलअँजेलोचा मोझेसचा पुतळा. माझा जीव जास्त रमतो तो सान्ता प्रासेदे चर्चमध्ये. तिथल्या छोट्या सान झेनो चॅपेलमध्ये पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि नवव्या शतकातलं मोझेकचं सोनेरी छत डोक्यावर झळाळून उठतं.

चढउतार आहेत, गुडघे दुखत असतील तर विचार करा. संध्याकाळी चौकातल्या कारंज्याभोवती इथेही गर्दी होते, पण माझ्या अनुभवात रात्री गल्ल्या निवतात. शिवाय कावूर मेट्रो स्टेशन हाताशी. त्रास्तेवेरेत मेट्रो नाही.

म्हणून खोली मोंतीत घ्यावी असं मला वाटतं. सकाळी लवकर निघून नदीतल्या तिबेरिना बेटावरून चालत त्रास्तेवेरे गाठा. वाटेतला फाब्रिचियो पूल इ. स. पू. ६२ चा आहे, आणि लोक अजून त्यावरून येजा करतात.