अ‍ॅक्सिस टायटल सेलला जोडायचंय: एक्सेल, गूगल शीट्स की कॅल्क?

नाशिकच्या गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दलघफू (दशलक्ष घनफूट), म्हणजे ५.६३ टीएमसी (अब्ज घनफूट). साप्ताहिक अहवाल करताना कुणीतरी सगळे आकडे हजाराने भागतं, पण उभ्या अक्षावर ‘साठा (दलघफू)’ तसंच राहून जातं. मग चार्ट पाहणाऱ्याला वाटतं, भर पावसाळ्यात धरणात साडेपाच दलघफू पाणी आहे. लासलगावच्या कांद्याचे भाव क्विंटलवरून किलोवर आणतानाही हाच घोळ होतो. एकक बदललं की अक्षाचं नावही (अ‍ॅक्सिस टायटल) आपोआप बदलायला हवं, आणि ते कुठे किती सहज जमतं यावरून प्रोग्राम ठरवावा.

मांडणी तिन्हीकडे एकच ठेवा (जी१ म्हणजे G1 सेल; फॉर्म्युल्यात पत्ता इंग्रजीतच लिहा). जी१ मध्ये एककाची ड्रॉपडाउन, जी२ मध्ये भाजक (दलघफूला १, टीएमसीला १०००), जी३ मध्ये ="साठा ("&जी१&")". चार्टचे आकडे मूळ आकड्यांना जी२ ने भागून वेगळ्या कॉलममध्ये काढायचे. आकडे आणि नाव दोन्ही एकाच ड्रॉपडाउनवर चालले पाहिजेत. नुसतं नाव जोडून उपयोग नाही.

एक्सेलमध्ये (कॉम्प्युटरवर इन्स्टॉल केलेल्या) सोय थेट आहे. अ‍ॅक्सिस टायटलवर एकदाच क्लिक करा, भोवती चौकट दिसली की वर फॉर्म्युला बारमध्ये जाऊन = टाइप करा, जी३ वर क्लिक करा, एंटर. दोनदा क्लिक केलं तर कर्सर टायटलच्या आत शिरतो आणि = हे साधं अक्षर म्हणून उमटतं. बहुतेकांचं इथेच अडतं. सेलचा पत्ता हाताने टाइप केला तर शीटचं नावही द्यावं लागतं, नाहीतर एक्सेल तो नाकारतं. क्लिक केल्यावर ते नाव आपसूक येतं.

त्या बारमध्ये फक्त एका सेलचा पत्ता चालतो. तिथे & किंवा एखादं फंक्शन लिहायला गेलात तर एरर येते. म्हणून सगळी जोडाजोड जी३ मध्येच करायची. नावात तारीखही हवी असेल तर ती टेक्स्ट फंक्शनमधून न्या. नाहीतर १ ऑगस्ट २०२४ ऐवजी अक्षावर ४५५०५ झळकेल, कारण एक्सेल तारीख आतून आकडा म्हणूनच ठेवतं.

ही जोडणी गुपचूप तुटते. कुणी टायटलमध्ये थेट टाइप केलं की संपली, इशारा काही येत नाही. टायटल डिलीट करून परत आणलं तरी पुन्हा जोडावं लागतं. चार्ट दुसऱ्या फाइलमध्ये पेस्ट केला तर नाव जुन्या फाइलच्याच जी३ कडे बघत राहतं, तेव्हा नव्या फाइलमध्ये सेल पुन्हा निवडा. चार्टमध्ये टेक्स्ट बॉक्स टाकून तोही असाच जोडता येतो, पण तो आकड्यांच्या अंगावर येतो. टायटल स्वतःची जागा करून घेतं, म्हणून टायटलच बरं.

गूगल शीट्समध्ये टायटलला सेल देण्याची जागाच नाही, पण आडमार्ग आहे. एकच सिरीज (चार्टवरची आकड्यांची एक मालिका) असेल तर उभ्या अक्षाचं नाव त्या कॉलमच्या हेडरवरून, म्हणजे सगळ्यात वरच्या सेलवरून येतं. तेव्हा हेडरच्या सेलमध्ये =जी३ लिहा, चार्टच्या सेटअपमध्ये पहिली ओळ हेडर म्हणून धरली आहे ना ते पाहा, आणि कस्टमाइझमध्ये अक्षाच्या नावाला हात लावू नका. तिथे काही लिहिलंत की हेडरशी नातं तुटतं. गंगापूर, दारणा आणि मुकणे एकाच चार्टवर घेतलीत की ही युक्ती बसत नाही, कारण प्रत्येक सिरीजचं हेडर वेगळं. मग अ‍ॅप्स स्क्रिप्टने (शीट्ससाठी छोटा प्रोग्राम लिहायची गूगलची सोय) अक्षाचं नाव बदलावं लागतं. एकट्या धरणासाठी आणि चारजणांनी मिळून भरायच्या शीटसाठी गूगल पुरेसं आहे. तीन धरणं एकत्र दाखवायची असतील तर एक्सेलच घ्या.

लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये टायटल हाताने लिहायचं. फुकट मिळतं, बाकी कामाला उत्तम, या कामाला मात्र लंगडं. त्यातल्या त्यात एक वाट आहे: लेजंडमधलं (कुठला रंग कशाचा ते सांगणाऱ्या यादीतलं) सिरीजचं नाव सेलवरूनच येतं. म्हणून हेडरमध्ये ="गंगापूर ("&जी१&")" लिहा, लेजंड दाखवा आणि अक्षावर नुसतं ‘साठा’ ठेवा.